चित्रे काढणारी आपली मुले आणि पाहणारे आपण

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



 

वर्षावासाच्या या मालेत दर वर्षी धम्म, राज्यघटना, शिक्षण, आरोग्य अशा विषयांवर व्याख्याने होतात. या वेळी आम्ही चित्रकलेचा विषय सुचवला, तेव्हा कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सभासदांनी सरळ विचारले, "यात समाजाचे काय?" प्रश्न योग्य होता. आजचे आमचे सारे बोलणे त्या एकाच प्रश्नाचे उत्तर आहे असे समजावे.

आम्ही चित्रकार नाही हे आधीच सांगून टाकतो. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा दिल्या. पुढे कलाशाखेची पदवी घेतली. त्या शाखेत कला फक्त नावापुरती असते हे आपण जाणताच. नंतर बँकेत कारकुनी. तेव्हा आम्ही जे बोलणार ते चित्र पाहणाऱ्याचे बोलणे आहे, काढणाऱ्याचे नव्हे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच वसाहतीतील एका मुलीने कला महाविद्यालयाची पदवी घेतली आणि चार मैत्रिणींसह मुंबईत काळा घोडा परिसरात चित्रप्रदर्शन भरवले. निमंत्रणपत्रिका विहाराच्या फलकावर आठ दिवस लावलेली होती. प्रत्यक्ष गेलो आम्ही नऊ जण. कल्याणहून फास्ट लोकल, पुढे पायी. आमच्याबरोबर शेजारच्या आजी होत्या. वय सत्तरीच्या पुढे. दालनाच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि हळूच विचारले, "आत जायला पैसे किती?" पैसे लागत नाहीत आणि चपलाही काढायच्या नसतात, हे त्या मुलीने सांगितले तेव्हा कुठे आजी आत आल्या.

आत एक मोठे चित्र होते. पहाटेचा सार्वजनिक नळ, हंड्यांची रांग, आणि हंड्याला टेकून बसल्या बसल्या झोपलेल्या बाया. आजी त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हा तिसरा हंडा माझा. कडेला पोचा आहे बघा." त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले, कारण तो हंडा तिने खरोखरच लहानपणी रोज पाहिलेला होता.

परतीच्या गाडीत मात्र आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "एवढे शिकून शेवटी नळच काढला! आपली गरिबी चार लोकांत मांडून काय मिळाले?"

बंधू-भगिनींनो, आजींचे बोलणे आणि त्या गृहस्थांचे बोलणे ही दोन्ही आपलीच माणसे बोलली. त्या दोघांच्या मध्ये आज आपला समाज उभा आहे, म्हणून दोघांचाही विचार झाला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. चित्रशिल्प ही श्रीमंतांची हौस, आपला तिच्याशी संबंध काय, असे आपण म्हणतो. परंतु जगाच्या कलेच्या इतिहासात महाराष्ट्राचे नाव ज्यामुळे आधी घेतले जाते ती अजिंठ्याची भित्तिचित्रे कोणाची? ती बुद्धाच्या धम्माची. आणि आपल्याकडच्या कलाशिक्षणाचा अजिंठ्याशी फार जवळचा संबंध आहे. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यातल्या अनेक प्रतिकृती पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. उरलेल्या कामाच्या आधारे १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा मोठा ग्रंथ निघाला. म्हणजे आपल्या मुलखातील कलाशाळेचे अगदी सुरुवातीचे विद्यार्थी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर बसून रेषा शिकले. तेव्हा ही शाळा आपल्याला परकी कशी?

दुसरे उदाहरण घटनेचे. घटनेची जी मूळ हस्तलिखित प्रत आहे, तिची पाने चित्रांनी सजवण्याचे काम शांतिनिकेतनच्या कलाभवनातील नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केले. त्या चित्रांत तथागतांच्या जीवनातील प्रसंगही आहे. सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे. या प्रतीवर २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांच्या सह्या झाल्या. ज्या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी आपली प्रकृती झिजवली, त्याच्या पानापानावर कलाशाळेतील मुलांचा हात फिरलेला आहे.

तिसरे उदाहरण संसद भवनाच्या आवारातील बाबासाहेबांच्या पुतळ्याचे. तो शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवला आणि २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. गावोगावच्या पुतळ्यांत दिसणारा तो उंचावलेला हात आपण सर्व ओळखतो. पण पुतळा घडवणाऱ्याचे नाव विचारले तर आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? आपण प्रतिमेला वंदन करतो, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या हातून ती प्रतिमा घडते त्याची चौकशी मात्र आपण करीत नाही.

आता आजच्या पिढीकडे येऊ. गेल्या तीस-चाळीस वर्षांत महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांतून आपल्या वस्त्यांतली, कामगारांच्या घरांतली मुले शिकून बाहेर पडली. त्यांच्यातल्या थोड्यांनीच नाव मिळवले, पण ज्यांनी मिळवले त्यांचे काम पाहण्यासारखे आहे.

नागपूरचे सवी सावरकर यांचा जन्म १९६१ चा. नागपूर आणि बडोदा येथे त्यांनी शिक्षण घेतले, पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला पेशवाईतील अस्पृश्य त्यांनी छापचित्रांत आणला. देवदासी आणली. ही चित्रे घराच्या भिंतीला शोभा आणणारी नाहीत. ती पाहून अस्वस्थ व्हायला होते. परंतु भारतीय चित्रकलेत ज्या विषयाला कोणी हात लावत नव्हते, तो विषय त्यांनी ठामपणे मांडला. पुढच्या मुलांना त्यामुळे वाट मिळाली.

विक्रोळीत राहणारे विक्रांत भिसे यांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह, नामांतराची चळवळ, दलित पँथर, सफाई कामगार हे विषय मोठ्या चित्रांतून मांडले. आपण जे इतिहासाच्या पुस्तकात वाचतो आणि जयंतीच्या भाषणात ऐकतो, ते तेथे माणसांच्या गर्दीसह डोळ्यांपुढे उभे राहते.

अमोल पाटील हे मुंबईच्या रचना संसद कला महाविद्यालयातून शिकले. आजोबा पोवाडे गाणारे, वडील नाटके लिहिणारे. चाळीतले आयुष्य, कामगारांची वस्ती आणि सफाई कामगारांचे अंग, त्यांची हालचाल हा त्यांच्या कामाचा विषय. जर्मनीत कासेल नावाच्या गावी १९५५ पासून 'डॉक्युमेंटा' नावाचे फार मोठे कलाप्रदर्शन भरते. आता ते पाच वर्षांतून एकदा असते. समकालीन कलेत त्याचा मान मोठा. २०२२ च्या डॉक्युमेंटात अमोल पाटील यांचे काम होते. २०२३ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले. पोवाडा गाणाऱ्या आजोबांचा नातू तिथपर्यंत गेला.

त्याच २०२२ साली बर्लिनच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात कोल्हापूरकडचे प्रभाकर कांबळे यांनी 'उतरंड' मांडली. उतरंड म्हणजे काय हे या सभेत सांगायला नको. घरात एकावर एक रचलेली मडकी. सर्वांत वरचे लहान, सर्वांत खालचे मोठे, आणि सगळ्यांचा भार त्या खालच्या मडक्यावर. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायका'च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला मजले आहेत पण जिना नाही अशा मनोऱ्याची उपमा दिली होती. तोच विचार या कलावंताने आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूतून सांगितला. अशा रचनेला 'मांडणशिल्प' म्हणतात. चित्राप्रमाणे ते भिंतीवर टांगलेले नसते. वस्तू मांडून त्यातून अर्थ उभा केलेला असतो. नाव नवे आहे, गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. कांबळे यांनी इतरांची प्रदर्शनेही भरवली आहेत. करोनाच्या टाळेबंदीत पायी गावाकडे निघालेल्या मजुरांचे हाल आपण सर्वांनी पाहिले. त्या अनुभवावर त्यांनी २०२१ मध्ये अनेक कलावंतांना एकत्र आणून 'ब्रोकन फूट' हे प्रदर्शन संगणकाच्या पडद्यावर भरवले.

बर्लिनच्या त्याच प्रदर्शनात मयूरी चारी यांचेही काम होते. त्या मूळच्या गोव्याच्या. त्यांनी शेणाच्या गोवऱ्या वापरून स्त्रीच्या देहावर समाज जो हक्क सांगतो त्याला जाब विचारला. गोवऱ्या थापणारे हात आपल्या घरांतले आहेत. त्या हातांच्या कामाला कलादालनात जागा मिळाली, ही साधी गोष्ट नाही.

ही नावे सांगताना आमची छाती फुगते. परंतु लगेच एक विचार टोचतो. उतरंड बर्लिनच्या लोकांनी पाहिली. कल्याणच्या लोकांनी पाहिली काय? ज्यांच्या घरात उतरंड होती, ज्यांच्या जन्मावर उतरंड होती, त्यांना ती दिसलीच नाही. मुंबईतही अशी प्रदर्शने होतात. तेथपर्यंत लोकलचे तिकीट फार नाही, बहुतेक दालनांत प्रवेश विनामूल्य असतो, तरी आपण जात नाही. ते ठिकाण आपले नाही असे आपल्याला वाटते. आजींनी काढलेल्या चपला तेच सांगत होत्या.

वास्तविक आपल्या या भागाला कलेची ओळख नाही असे मुळीच नाही. कल्याणात बालपण गेलेले आणि पुढे डोंबिवलीत स्थायिक झालेले सदाशिव ऊर्फ भाऊ साठे हे जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. दिल्लीच्या चांदणी चौकातील महात्मा गांधींचा पुतळा १९५४ चा आणि गेट वे ऑफ इंडियासमोरील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९६१ चा, दोन्ही त्यांचेच. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे शिल्पालय डोंबिवलीत आहे. आपल्या किती शाळकरी मुलांनी ते पाहिले?

ठाण्यातील सुधीर पटवर्धन हे कलाशाळेत शिकलेले नाहीत. ते डॉक्टर. १९७५ पासून २००५ पर्यंत तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले आणि त्याच काळात देशातील अग्रगण्य चित्रकारांत स्थान मिळवले. त्यांचा उल्लेख दोन कारणांसाठी करतो. एक म्हणजे त्यांच्या चित्रांचा विषय. लोकल गाडीतील माणसे, इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस, उल्हासनगर, ठाण्यातील पोखरणचा परिसर. आपण ज्या रस्त्यावरून घाईने भाजी घेऊन जातो तो रस्ता मोठ्या चित्राचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी ठाण्यात राहून दाखवले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. २००८-०९ मध्ये त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' या नावाने देशातील समकालीन चित्रकारांच्या कामांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरांतून नेले. मुंबईबाहेरच्या लोकांनी मूळ चित्रे पाहावीत म्हणून एका चित्रकाराने केलेली ही खटपट होती. चित्रकार स्वतः लोकांकडे आला. लोकांनी चित्रकाराकडे चार पावले जायला काय हरकत आहे?

आता गाडीतल्या त्या गृहस्थांचा प्रश्न. आपली गरिबी चार लोकांत का मांडायची? हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. ज्याने अपमान भोगला त्यालाच तो झाकावासा वाटतो. पण १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आले, तेव्हाही आपल्यातल्या शिकलेल्या मंडळींनी हेच म्हटले होते. आमची लक्तरे वेशीवर टांगली, अशी नाराजी होती. आज तेच पुस्तक आपण अभिमानाने मुलांच्या हाती देतो. साहित्याने आधी आपल्याच माणसांची नाराजी सोसली, नंतर आपल्याच माणसांनी त्याला डोक्यावर घेतले. चित्रकला आज त्या पहिल्या टप्प्यावर आहे एवढेच.

शिवाय त्या मुलीने गरिबी मांडली असे आम्हाला वाटत नाही. तिने पहाटे चारला उठून नळावर बसणाऱ्या बाईचे कष्ट मांडले. पाण्यासाठी ज्या समाजाला महाडपर्यंत चालत जावे लागले, त्या समाजाच्या मुलीने हंडा काढला तर तो नुसता हंडा नसतो. आजींना ते कळले. त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते.

येथे आमच्या तरुण कलावंतांनाही एक शब्द सांगायचा आहे, रागावू नये. प्रदर्शनात चित्राशेजारी जी चिठ्ठी लावतात ती बहुतेक वेळा इंग्रजीत असते, आणि तेही असे इंग्रजी की बँकेत तीस वर्षे इंग्रजी पत्रे लिहिणाऱ्यालाही उलगडू नये. तथागतांनी आपला उपदेश लोकांनी आपापल्या बोलीत शिकावा अशी अनुज्ञा दिली होती. तुम्हीही दोन ओळी मराठीत लिहा. तुमच्या आईला वाचता येतील अशा लिहा. बाहेरच्या जगाला इंग्रजी लागते हे मान्य; पण आईला वगळून कसे चालेल?

आता पालकांच्या मनातला खरा प्रश्न. मुलाने किंवा मुलीने चित्रकलेला जावे म्हटले तर पोटाचे काय? आम्ही बँकेत बसतो. शैक्षणिक कर्जासाठी आलेले पालक इंजिनिअरिंग, नर्सिंग म्हणताना मान वर करून बोलतात. कला महाविद्यालय म्हणताना आवाज खाली जातो. आमच्याही घरी तसेच झाले. इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळाली होती, पण वडील म्हणाले, "आधी नोकरीचे बघ." त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. एका पगारात सहा माणसे होती.

म्हणून खोटी आशा दाखवणार नाही. नुसती चित्रे विकून घर चालवणारे फार थोडे. मोठ्या दालनात जागा मिळायला काही वेळा वर्षानुवर्षे थांबावे लागते. रंग, कॅनव्हास, चौकटी आणि वाहतूक यांचा खर्च आधी असतो. चित्र विकले जाईल याची हमी कोणी देत नाही. परंतु कला महाविद्यालयातून निघणाऱ्या वाटा अनेक आहेत. कलाशिक्षक पदविका घेऊन शाळेत शिक्षक होता येते. उपयोजित कलेतून जाहिरात, पुस्तकांची मुखपृष्ठे, पाकिटांवरची रचना, ॲनिमेशन यांत काम मिळते. नाटक-चित्रपटाचे नेपथ्य आहे, वस्त्रांचे आरेखन आहे, संग्रहालयात जुन्या वस्तूंचे जतन आहे. विद्यार्थ्यांनी शाळेत असतानाच दोन्ही ग्रेड परीक्षा द्याव्यात. बारावीनंतर चार वर्षांच्या पदवीसाठी राज्याची प्रवेश परीक्षा असते, तिची तयारी करावी. शिकत असताना राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटीचे प्रदर्शन यांत काम पाठवावे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून चालू आहे. अशा ठिकाणी काम निवडले गेले की पुढची दारे थोडी किलकिली होतात. केरळात कोची येथे २०१२ पासून भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनात विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग असतो, त्याकडेही लक्ष ठेवावे. नोकरी करीत चित्रकला सांभाळणेही कमीपणाचे नाही. पटवर्धनांचे उदाहरण आत्ताच दिले.

शेवटी आपल्या संस्थेबद्दल. आपण या मुलांसाठी आजवर काय केले? खरे सांगायचे तर एकच केले. जयंती जवळ आली की त्यांना बोलावतो आणि व्यासपीठाचा पडदा, मिरवणुकीचा चित्ररथ, स्वागताचा फलक फुकट काढून घेतो. मंडपवाल्याला पैसे देतो, ध्वनिक्षेपकवाल्याला देतो, बँडला तर आगाऊ देतो. चित्र काढणाऱ्या मुलाला वडापाव देतो आणि म्हणतो, "आपलाच पोरगा आहे." आम्ही स्वतः दोन वर्षे या संस्थेच्या हिशेबाचे काम पाहिले आहे, म्हणून हा दोष पहिल्यांदा आमचा.

एक जुनी आठवण देतो. आपण कान्हेरीची लेणी पाहायला सहलीने जातो. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत कल्याणच्या माणसांची नावे आहेत. सगळे काही राजे नव्हते. व्यापारी होते, सोनार होता, लोहारही होता. कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी बसायला ओटा दिला. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या कारागिराने ऐपतीप्रमाणे दिले, म्हणून ते दगडातले काम आजपर्यंत आपल्या डोळ्यांसमोर आहे. आपण त्याच कल्याणचे.

तेव्हा आम्ही चार सूचना मांडतो. कार्यकारिणीने त्यांचा विचार करावा.

पहिली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास विहाराच्या याच सभागृहात दोन दिवसांचे चित्रप्रदर्शन भरवावे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ भागातील कला महाविद्यालयांत शिकणाऱ्या आणि शिकून बाहेर पडलेल्या आपल्या मुलामुलींची कामे त्यात असावीत. दिवे नीट लावावेत, चित्राला हात लागणार नाही याची व्यवस्था करावी, आणि उद्घाटनाची भाषणे दहा मिनिटांत संपवावीत.

दुसरी. ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या गरजू मुलांचे शुल्क आणि रंगसाहित्य संस्थेने द्यावे.

तिसरी. वर्षातून दोनदा सामुदायिक सहल मुंबईच्या कलादालनांत न्यावी. लेण्यांची सहल आपण करतोच, त्याला ही जोडावी. मुलांबरोबर आईवडील आणि आजीआजोबाही असावेत. डोंबिवलीचे शिल्पालय तर घराजवळ आहे.

चौथी. जयंतीच्या सजावटीच्या कामाचा मोबदला द्यावा, आणि दर वर्षी एका तरुण कलावंताचे एक चित्र संस्थेने विकत घ्यावे. पैसा कोठून आणायचा? कारकुनी हिशेब सांगतो. शंभर घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तर वर्षाला ६० हजार रुपये होतात. एवढ्यात या चारही गोष्टी बेताने बसतात. बँडचे काही पैसे वाचवले तर अधिकही होतील.

ज्या ज्येष्ठ सभासदांनी विचारले होते, "यात समाजाचे काय?", त्यांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो. शतकानुशतके आपली चित्रे दुसऱ्यांनी काढली, आणि त्यांत आपण एकतर नव्हतोच, किंवा होतो तर वाकलेले होतो. आता आपली मुले आपले चित्र स्वतःच्या हाताने काढू लागली आहेत. त्यांनी चार-चार, पाच-पाच वर्षे शिकून आपले काम पुरे केले. पाहण्याचे काम आपल्याकडे आहे, आणि ते आपण अजून सुरूच केलेले नाही.

नळाचे ते चित्र मुंबईत विकले गेले नाही. ते त्या मुलीच्या घरी, जागा नाही म्हणून कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवलेले आहे. आमची एवढीच विनंती आहे की संस्थेने खरेदीची सुरुवात त्याच चित्रापासून करावी आणि ते या सभागृहात लावावे. आजी आता लोकलने मुंबईला जाऊ शकत नाहीत. विहारात मात्र त्या दर रविवारी येतात. येथे चपला काढूनच आत यायचे असते, आणि येथे कोणाला आत जायला पैसे किती हे विचारावे लागत नाही.